न सुटणारा बोल्ट

जुन्या मोटारीचा एखादा भाग निकामी झाला म्हणजे तिचा मालक प्रथम नव्या भागाची किंमत विचारतो आणि ती ऐकून बहुधा भंगाराच्या बाजाराची वाट धरतो. तेथे त्याच जातीची दुसरी मोटार मोडीत निघालेली असते. तिच्या अंगावरचा तोच भाग थोडक्या पैशांत मिळतो. मारुती ८०० ही मोटार १९८३ साली निघू लागली व २०१४ साली तिची निर्मिती बंद झाली. तरीही तशा कित्येक गाड्या आज रस्त्यावर धावतात, त्या अशाच परस्परांच्या अवयवांवर. यात गैर काही नाही. काटकसर हा सद्गुणच आहे, आणि चांगल्या लोखंडाला अकाली भट्टीत न घालणे हेही शहाणपणाचेच. परंतु भाग मिळाला, भाव ठरला, काम अर्ध्या तासाचे म्हणून हाती घेतले, आणि चार बोल्टांपैकी तीन निघून चौथा जागचा हलेना, म्हणजे कसोटीची वेळ येते. त्या चौथ्या बोल्टापायी अर्ध्या तासाचे काम दोन दिवसांवर जाते, शंभर रुपयांची बचत हजारांच्या तोट्यात बुडते, आणि कधीकधी पाना निसटून बोटे फुटतात. याहूनही वाईट म्हणजे कंटाळलेला मनुष्य तीनच बोल्टांवर काम भागवतो व गाडी रस्त्यावर काढतो.

असा बोल्ट का अडकतो, तो कसा सोडवावा, आणि मोडलाच तर काय करावे, याचा विचार या लेखात करावयाचा आहे. सांगावयाचे मुख्य तत्त्व एकच: बोल्ट कशाने धरून ठेवला आहे हे ओळखल्यावाचून त्याच्यावर जोर करू नये.

प्रथम बोल्ट म्हणजे काय ते पाहू. वरवर पाहता तो एक आटे पाडलेला खिळा दिसतो. वस्तुतः तो एक ताठ स्प्रिंग आहे. पाना फिरवून आपण तो आवळतो तेव्हा त्याची दांडी किंचित ताणली जाते, आणि ताणलेली दांडी पूर्वस्थितीस येऊ पाहते म्हणून दोन भाग एकमेकांस घट्ट दाबून धरले जातात. आता आपण पान्यावर लावलेला सगळा जोर या ताणण्यात खर्च होतो काय? मुळीच नाही. साधारण हिशेब असा की, त्यातला निम्मा जोर बोल्टाच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो, शेकडा चाळीस भाग आट्यांमधील घर्षणात जातो, आणि उरलेला शेकडा दहा भागच दांडी ताणण्याच्या कामी येतो. म्हणजे बोल्ट नवा व स्वच्छ असतानाही आपली बहुतेक शक्ती घर्षणाशीच झुंजत असते. मग त्यात गंज शिरला म्हणजे काय होत असेल याची कल्पना सहज येईल.

गंज हा अडकण्याचे पहिले व सर्वांत सामान्य कारण होय. लोखंडास पाणी व हवेतील प्राणवायू मिळाला की त्याचा गंज होतो, हे आपण रसायनशास्त्रात शिकतो. परंतु ज्या लोखंडापासून तो झाला त्याच्या दुपटीहून अधिक जागा तो व्यापतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते. नट व बोल्ट यांच्या आट्यांमध्ये केसभरही मोकळी जागा नसते. तेथे गंज धरला म्हणजे तो फुगतो आणि पाचर ठोकल्याप्रमाणे दोहोंस जखडून टाकतो. रत्नागिरी, मालवण, गोवा अशा किनाऱ्यावरील खाऱ्या हवेत वाढलेली गाडी आणि सोलापूरकडील कोरड्या हवेतली गाडी यांच्या बोल्टांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो, तो याचमुळे. कारण मीठ पाण्यात मिसळले की गंजण्याची क्रिया फार वेगाने होते.

दुसरे कारण दोन भिन्न धातूंचा सहवास. हल्लीच्या मोटारीत अल्टरनेटर, स्टार्टर, गिअरबॉक्स इत्यादिकांची कवचे अॅल्युमिनियमची ओतीव असतात व त्यांत पोलादी बोल्ट बसवितात. दोन निरनिराळे धातू आणि मध्ये खारट ओल, म्हणजे प्रयोगशाळेतील विद्युत्घटच झाला! या घटात अॅल्युमिनियम झिजते व त्याची पांढरी भुकटी होऊन आट्यांत घट्ट बसते. लाल गंज दिसला नाही म्हणून बोल्ट निरोगी आहे असे समजू नये. पांढरी भुकटी दिसली तर अधिकच सावध व्हावे, कारण येथे पोलादापेक्षा मऊ असे कवचच आधी मोडते.

तिसरे कारण माणसाने केलेली इजा. कोणी पूर्वी बोल्ट वाकडा धरून तसाच रेटलेला असतो, त्यामुळे आटे एकमेकांवर चढलेले असतात. कोणी प्रमाणाबाहेर आवळलेला असतो. आणि चौथे कारण म्हणजे बोल्ट मुद्दाम जखडलेला असणे. हादऱ्यांनी सुटू नये म्हणून कारखान्यात काही बोल्टांच्या आट्यांस एक प्रकारचा डिंक लावतात; त्याची बळकट जात तापविल्याखेरीज सोडत नाही. कोठे स्प्लिट पिन असते, कोठे नटाचा कान वाकवून बसविलेला असतो. हे न पाहता जोर करणे म्हणजे कडी न काढता दार ढकलण्यासारखे आहे.

म्हणून पहिले काम हाताचे नव्हे, डोळ्यांचे. तारेच्या ब्रशाने बोल्टाचे डोके व उघडे आटे स्वच्छ करावेत. आटे उजवे आहेत की डावे हे पाहावे. डाव्या आट्यांचे उदाहरण दूर शोधावयास नको. आपल्या सायकलीचे डावे पायडल डाव्या आट्यांवर बसविलेले असते, आणि ते नेहमीच्या दिशेने फिरवून काढू पाहणारा मनुष्य ते अधिकच घट्ट करतो. मोटारींतही काही जुन्या वाहनांच्या डाव्या चाकांचे नट असेच असत. त्यानंतर माप पाहावे. तेरा मिलिमीटरचा पाना आणि अर्ध्या इंचाचा पाना यांत तीन दशांश मिलिमीटरचाच फरक आहे. पण हाच फरक अडकलेल्या बोल्टाचे कोपरे गोल करावयास पुरेसा होतो. फार जुन्या इंग्रजी गाड्यांचा शौक असणाऱ्यांस तर आणखी एक अडचण असते. जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ साली ठरविलेल्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा असे, तर आजच्या मेट्रिक आट्यांचा ६० अंशांचा आहे. दिसावयास सारखे, परंतु एकाचा नट दुसऱ्यास नीट बसत नाही.

आता जोराविषयी. ८ मिलिमीटर जाडीचा, डोक्यावर ८.८ असा आकडा कोरलेला साधा बोल्ट घेतला, तर तो आवळण्याचे योग्य परिमाण सुमारे २५ न्यूटन-मीटर असते. याचा अर्थ असा की, पाव मीटर लांबीच्या पान्याच्या टोकास दहा किलो वजनाइतका जोर दिला की काम झाले. परंतु धडधाकट मनुष्य त्याच पान्यावर तीस किलोंचा जोर सहज लावतो. तो झाला तिप्पट! वर पान्यास नळी चढवून लांबी दुप्पट केली तर सहापट. बारीक बोल्ट मोडतात ते म्हणून. चाकाचा जाड नट नळी लावून सुटेल, पण तीच नळी बारीक बोल्टावर लावणे म्हणजे तो मोडण्याचे निश्चित करणे. डोक्यावरील आकड्यांचा अर्थही येथेच सांगतो. पहिल्या आकड्यास शंभरांनी गुणले की त्या पोलादाचे तुटण्याचे बळ मेगापास्कलमध्ये मिळते, आणि दुसरा आकडा त्याच्या किती दशांशावर तो कायमचा ताणला जाऊ लागतो हे दाखवितो. ८.८ म्हणजे ८०० व त्याचे आठ दशांश, अर्थात ६४०.

मग सोडवावयाचे कसे? पहिले साधन तेल आणि वेळ. आत झिरपणारे पातळ तेल बाजारात मिळते. ते नसेल तर आपल्याकडचे मिस्त्री रॉकेल किंवा डिझेल वापरतात. ते आट्यांच्या तोंडाशी घालावे, वर हातोडीने दोनचार हलक्या टिचक्या माराव्यात, आणि मग सोडून द्यावे. दहा मिनिटे नव्हे, रात्रभर. सकाळी पुन्हा घालावे. तेल आट्यांच्या फटीतून केशाकर्षणाने, दिव्याच्या वातीत चढते त्याच न्यायाने, आत जाते, आणि या क्रियेस घाई करता येत नाही. भंगारातून भाग आणावयाचा असेल तर आपल्या गाडीवरील बोल्टांस आदल्या दिवशीच तेल घालून ठेवावे. निम्मी लढाई तेथेच जिंकली जाते.

दुसरे साधन आघात. बोल्टाच्या डोक्यावर जाड पंच ठेवून सरळ, नेमके घाव घालावेत. त्यायोगे गंजाचा ठिसूळ थर तडकतो व तेलास वाट होते. त्यानंतर सहा कोनांची गोटी घट्ट बसवून पाना हळूहळू ओढावा. बारा कोनांची गोटी बसावयास सोपी, पण कोपऱ्यांवरच पकड घेते, म्हणून अशा कामी ती टाळावी. बोल्ट किंचित हलला की आनंदाने फिरवीत सुटू नये. अष्टमांश फेरा सोडावा, पुन्हा थोडा आवळावा, तेल घालावे, पुन्हा सोडावा. गंजाची भुकटी अशी मागेपुढे केल्याने बाहेर पडते. एकाच दिशेने रेटल्यास तीच भुकटी पुढे साचून बोल्ट दुसऱ्यांदा, आणि पहिल्याहून घट्ट, अडकतो. पान्याखाली येणारा विरोध हातास रबरासारखा लवचिक लागू लागला तर तत्काळ थांबावे. बोल्ट सुटत नसून पिळला जात आहे, अशी ती सूचना होय.

तिसरे साधन उष्णता. दहा मिलिमीटर भोकाचा पोलादी नट तीनशे अंशांनी तापविला तर त्याचे भोक सुमारे ०.०३६ मिलिमीटरने रुंदावते. म्हणजे मनुष्याच्या केसाच्या जाडीच्या निम्मे. एवढ्याशाने काय होणार, असे वाटेल. पण गंजाचे कवच फोडावयास एवढे पुष्कळ झाले. तापवावयाचा तो नट, बोल्ट नव्हे. बोल्ट जर कवचात शिरलेला असेल तर भोवतालचे कवच तापवावे. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, म्हणून तेथे उष्णता विशेष गुणकारी ठरते. मात्र ते लाल न होताच एकाएकी वितळते, हे विसरू नये. त्यास बेतानेच तापवावे. तापलेल्या आट्यांच्या तोंडाशी मेणबत्ती टेकविली तर वितळलेले मेण आत ओढले जाते व वंगणाचे काम करते, ही जुन्या कारागिरांची युक्ती खरोखर उपयोगी आहे.

परंतु उष्णता जितकी उपयोगी तितकीच घातक. जवळ पेट्रोलची नळी, टाकी, ब्रेकचे तेल, रबर किंवा विजेच्या तारा असतील तर ज्योत आणूच नये. नुकतेच तेल घातलेल्या जागी ज्योत लावली तर ते पेट घेते. वायू भरलेला शॉकअॅब्सॉर्बर तापविला तर फुटतो. हे काम विद्यार्थ्यांनी आपण होऊन कधीही करू नये. अनुभवी मिस्त्रीच्या हातूनच करवून घ्यावे.

बोल्टाचे डोकेच गोल झाले असेल तर पुढील उपाय क्रमाने करावेत. प्रथम एक माप लहान गोटी हातोड्याने ठोकून बसवावी. इंची मापाची एखादी गोटी पुष्कळदा अशा वेळी कामी येते. न जमल्यास जखडून धरणाऱ्या पकडीने डोके धरावे. तेही न साधल्यास कानशीने दोन समोरासमोरच्या बाजू सपाट कराव्यात, अथवा नट असल्यास छिन्नीने तो उभा फोडावा. येथे एक विवेक मनात सदैव जागा असावा. बोल्ट काही रुपयांत मिळतो, पण ज्यात तो बसला आहे ते कवच हजारांचे असते. तेव्हा बोल्ट मेला तरी चालेल, भाग जगला पाहिजे. भंगारातील गाडीवरून भाग काढताना तर याहून सोपे असते. तिथे टाकाऊ बाजू कापावी व घ्यावयाची बाजू राखावी.

एवढे करूनही बोल्ट मोडला आणि त्याचा बुंधा भोकात राहिला, तर सर्वांत मोह पडतो तो आत ठोकून उलटे फिरवावयाच्या हत्याराचा. हे हत्यार अतिशय कठीण पोलादाचे, म्हणूनच ठिसूळ असते. ज्या बोल्टाने जाड पान्यास दाद दिली नाही, तो या बारीक हत्यारास देईल हे कठीणच. आणि ते आत मोडले तर साध्या ड्रिलने त्यास भोकही पडत नाही. म्हणून बुंधा थोडा वर असेल तर त्यावर नवा नट ठेवून वेल्डिंग करून घ्यावे. यात पकड मिळते आणि उष्णताही लागते. पुष्कळ हट्टी बुंधे याच उपायाने निघतात. बुंधा आत गेला असेल तर त्याच्या बरोबर मध्यावर पंचाने खूण करून ड्रिल करावे. खूण एका बाजूस सरकली की ड्रिल मऊ अॅल्युमिनियमकडे पळते, आणि मग भाग वाया जातो. डाव्या फेऱ्याचे ड्रिल मिळाले तर उत्तम, कारण भोक पाडतापाडताच बुंधा कित्येकदा सुटून बाहेर येतो.

आटेच गेले असतील तर निराश होऊ नये. भोक मोठे करून, नवे आटे पाडून, त्यात तारेच्या वेटोळ्यासारखी पोलादी आट्यांची गुंडाळी बसविता येते; अॅल्युमिनियममध्ये ती मूळ आट्यांहूनही टिकाऊ ठरते. आटे पाडण्यापूर्वी भोक केवढे असावे याचा सोपा नियम असा: बोल्टाच्या जाडीतून दोन आट्यांमधील अंतर वजा करावे. जाडी १० व अंतर १.५ असेल तर भोक साडेआठ मिलिमीटर. येथे मात्र सावधगिरी हवी, कारण १० मिलिमीटर जाडीचे बोल्ट १.५ व १.२५ अशा दोन्ही अंतरांचे मिळतात. एकाच्या भोकात दुसरा दोन फेरे जातो आणि मग अडतो. त्या क्षणी पाना उचलणारा मनुष्य चांगल्या भागाचा नाश करतो.

आता भाग बसविण्याकडे वळू. विकत घेण्यापूर्वीच त्याची भोके पाहावीत. आत मोडका बुंधा आहे काय, आटे चमकतात की झिजले आहेत, कान तडकला आहे काय? शक्य तर त्याचे मूळ बोल्टही मागून घ्यावेत, पण ते जसेच्या तसे वापरू नयेत. ज्याची दांडी मध्येच बारीक झालेली दिसते तो ताणून कामातून गेलेला समजावा. कित्येक आधुनिक इंजिनांच्या हेडचे बोल्ट एकदाच वापरावयाचे असतात. स्प्लिट पिन व नायलॉनचे कडे असलेले नट दर वेळी नवे घालावेत. प्रत्येक बोल्ट आरंभी बोटांनीच चार-पाच फेरे फिरवावा. बोटांनी न जाणारा बोल्ट पान्याने घालू नये. पोलादात निदान बोल्टाच्या जाडीइतके आणि अॅल्युमिनियममध्ये तिच्या दीडपट-दुप्पट आटे गुंतले पाहिजेत. न जखडू देणारे ग्रीस लावल्यास घर्षण कमी होते, म्हणून तेवढाच जोर दिला तरी दांडी अधिक ताणली जाते. तेव्हा जोर थोडा कमी करावा. चाकांच्या नटांस ते निर्मात्याने सांगितल्यावाचून लावू नये. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळावेत आणि पन्नास ते शंभर किलोमीटर गाडी चालल्यावर पुन्हा तपासावेत.

पालकांस दोन शब्द. मुलाने घरच्या गाडीवर हात चालवावा ही इच्छा चांगली आहे. पण चाक, ब्रेक व स्टीअरिंग यांचे बोल्ट जाणत्या माणसाने तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये. सीटबेल्ट आणि एअरबॅग जुने घेऊच नयेत. भाग घेताना पावती मागावी, म्हणजे चोरीचा माल घरी येत नाही. मुलांनीही तीन नियम पाळावेत. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये, खाली भक्कम स्टँड हवेच. आणि हातोडा किंवा ड्रिल हाती असताना डोळ्यांस चष्मा असावा. पाना शक्यतो आपल्याकडे ओढावा, पुढे ढकलू नये. निसटला तर ढकलणाऱ्याची बोटे फुटतात.

चांगल्या कारागिराचे काम मोडलेल्या बोल्टांवरून नव्हे, तर पुढे सहज सुटणाऱ्या बोल्टांवरून ओळखावे. आपण आज जो बोल्ट बसवितो तो पाच-दहा वर्षांनी कोणीतरी सोडविणार आहे; कदाचित पावसात, रस्त्याच्या कडेस, एकटाच. आटे स्वच्छ करून, योग्य जोराने, सरळ बसविलेला बोल्ट त्या माणसाच्या हातात मुकाट्याने सुटेल. आपले नाव त्यास कळणार नाही. तरीही त्याची सोय पाहून काम करणे हेच कारागिराचे ब्रीद होय.